बिघडण्याआधी उघडणे: कुर्डुवाडीच्या कारखान्याचा एक धडा

१८९७ सालच्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी रुडॉल्फ डिझेल यांच्या नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण २६ टक्के भाग हे यंत्र प्रत्यक्ष कामाला लावते, असे तीत दिसून आले. त्या काळचे वाफेचे इंजिन या आकड्याच्या आसपासही फिरकत नव्हते. पुढच्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यात बार्शी रोड नावाच्या स्टेशनातून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरची वाहतूक सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता, आणि तो ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. पण पुढे कित्येक दशकांनी डिझेल इंजिन कुर्डुवाडीच्या त्याच छोट्या लाईनवर आले, तेव्हा त्याची निगा कशी राखायची याची निम्मी तयारी तिथे आधीच झालेली होती. डिझेल इंजिन सुरक्षित चालवण्याची आणि सांभाळण्याची विद्या मुळात समुद्राची, जहाजाच्या इंजिनरूमची, असे आपण समजतो. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. मदत जिथे लांब असते आणि यंत्र बंद पडले तर दुसरे मागवता येत नाही, तिथे ही विद्या तयार होते. समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत, माढा तालुक्याच्या कोरड्या माळावर, अशी परिस्थिती रुळांच्या रुंदीनेच निर्माण केली होती.

ही रुंदी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने निवडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून नोकरीला आलेल्या या माणसाने बार्शीच्या कापूस-धान्याच्या पेठेला मुख्य लाईनशी जोडण्याची योजना आखली, आणि १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. त्याची मूळ कल्पना साधी होती आणि मला ती आजही हुशारीची वाटते. प्रत्येक चाकजोडीवर येणारा भार पाच टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही, मग ती इंजिनाची असो की मालडब्याची. म्हणजे यार्डाला ३० पौंडांचे हलके रूळ चालतात, पूल हलके चालतात, आणि तरी मालाची वाहतूक भरपूर होते. लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेली पहिली पाच इंजिने आठ जोडचाकांची होती, कारण वजन तेवढ्या चाकांवर वाटायचे होते. लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. सगळी मिळून २०२ मैल. कॅलथ्रॉपने नंतर विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले, हे जाता जाता सांगायला हवे. अपघात होणारच हे गृहीत धरून आधी व्यवस्था करायची, ही त्याच्या स्वभावाची खोड दोन्हींत दिसते.

पण हलक्या रुळांची किंमत होती एकटेपणा. कुर्डुवाडीला ही लाईन ब्रॉडगेजला भेटे आणि मिरजेला मीटरगेजला. दोन्हीकडे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे, आणि दोन्हीकडचे एकही इंजिन अडीच फुटी रुळांवर येऊ शकत नसे. दौंडला किंवा सोलापूरला शेडमध्ये इंजिने रिकामी उभी असली तरी मोडनिंबजवळ अडकलेल्या छोट्या गाडीला त्यांचा उपयोग शून्य. सुटे भागही वेगळेच. विलायतेतून मागवायचे तर महिन्यांचा प्रवास. म्हणून कंपनीला कुर्डुवाडीतच पूर्ण कारखाना लागला. ओतकाम, लोहारकाम, लेथ, बॉयलरचे काम, डब्यांचे सुतारकाम हे सगळे एकाच आवारात असल्याशिवाय गत्यंतर नव्हते. मोठ्या रेल्वेला कारखाना सोयीसाठी लागतो, छोट्या लाईनला तो जगण्यासाठी लागतो. भर समुद्रातल्या जहाजाची हीच अवस्था असते. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉककडे निघाले, तेव्हा वाटेत त्याच्या इंजिनाची जाण असलेला कारखाना एखाददुसऱ्या बंदरातही मिळण्याची खात्री नव्हती. जे दुरुस्त करायचे ते बरोबर नेलेल्या माणसांनी आणि बरोबर नेलेल्या सामानाने.

कायद्यानेही जहाज आणि रेल्वे यांना एका बाजूला बसवले, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने कापडगिरण्या आणि कारखान्यांतल्या बॉयलरवर सरकारी निरीक्षक बसवला. सोलापूरच्या गिरण्यांना तो चुकत नव्हता. मात्र आगबोटींचे बॉयलर या कायद्यातून वगळले होते आणि रेल्वेचे बॉयलर वगळण्याची मुभा सरकारला दिली होती. जहाजांसाठी सर्वेक्षकांची वेगळी यंत्रणा होती आणि १८६२ पासून इंग्रजी कायद्याने जहाजाच्या इंजिनियरला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागत असे. रेल्वेत ही जबाबदारी रेल्वेच्याच अंगावर राहिली. म्हणजे कुर्डुवाडीच्या कारखान्याने बॉयलर ठीक आहे असे लिहिले की तो ठीक. बाहेरून कोणी येऊन शिक्का मारणार नव्हता. असे स्वातंत्र्य दोन वाटांनी जाऊ शकते. एक तर ढिलाई, नाहीतर स्वतःच स्वतःवर बसवलेली कडक शिस्त. रेल्वेने दुसरी वाट धरली, कारण बॉयलर फुटला तर पहिले मरणारे तिचेच ड्रायव्हर आणि फायरमन होते.

ती शिस्त कशी होती ते पाहिले की पुढचे डिझेल समजते. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून, प्लग काढून, आतून धुवावा लागतो. याला सगळे वॉशआउट म्हणतात. दख्खनच्या काळ्या खडकातले पाणी जड. तापवले की त्यातले क्षार नळ्यांवर पापुद्र्यासारखे चिकटतात, उष्णता पलीकडे जात नाही, पत्रा आतल्या आत लाल होतो आणि फुगतो. जे पाणी इंजिन चालवते तेच त्याला मारते, आणि मारताना आधी काही सांगत नाही. म्हणून भट्टीच्या छतात शिशाने भरलेला प्लग बसवत. पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले की शिसे वितळून वाफ भट्टीत सुटे आणि आग दबे. हा शेवटचा पहारेकरी. पण त्याच्यावर विसंबणारा फायरमन नालायक समजला जाई. खरा पहारा होता काचनळीतल्या पाण्याची पातळी पुन्हा पुन्हा तपासण्याचा आणि वॉशआउटची तारीख न चुकवण्याचा. इंजिन उत्तम चालत असतानाही तारीख आली की ते शेडला बांधायचे. ठरावीक मैल झाले की ते पूर्ण उघडायचे: बॉयलर चाकांवरून उचलायचा, नळ्या काढायच्या, धाव झिजलेली चाके लेथवर घ्यायची, ब्रासच्या बेअरिंगा नव्याने भरायच्या. रेल्वेच्या बोलीत याचे नाव पीओएच. चालू स्थितीतले यंत्र मुद्दाम बंद करून उघडणे हा या प्रथेचा गाभा आहे, आणि व्यापारी मनाला तो कधीच पटत नाही.

पंढरपूरने या प्रथेला आणखी एक धार दिली असावी, असे मला वाटते. आषाढी आणि कार्तिकीला या लाईनवर जी गर्दी होई तिच्या वेळी इंजिन कारखान्यात ठेवणे परवडणारे नव्हते, आणि रस्त्यात बंद पडणे तर मुळीच नाही; एकेरी लाईनवर एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. ज्या रेल्वेची गर्दी पंचांगात आधीच लिहिलेली असते, तिला दुरुस्तीही पंचांग पाहून आधीच उरकावी लागते. कोकणच्या किनाऱ्यावर हेच उलट्या क्रमाने घडते. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि त्याच दोन महिन्यांत बोटींची इंजिने उघडली जातात. निसर्गाने तिथे सक्तीची सुट्टी दिली. कुर्डुवाडीत ती सुट्टी कागदावर आखून घ्यावी लागली.

१९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली आणि छोटी लाईन भारतीय रेल्वेचा भाग झाली. वाफ लगेच गेली नाही. पण देशभर डिझेलचे वारे सुरू झाले होते. मोठ्या लाईनसाठी अमेरिकेच्या अॅल्को कंपनीची डिझेल इंजिने १९५७ पासून येऊ लागली, वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन १९६४ च्या आरंभी बाहेर पडले, आणि अडीच फुटी रुळांसाठी झेडडीएम या नावाची मालिका तयार झाली. त्या मालिकेतल्या चित्तरंजनला बांधलेल्या इंजिनांत जर्मनीतल्या कील बंदरच्या माक कंपनीच्या रचनेचे सहा सिलिंडरांचे, ७०० अश्वशक्तीचे डिझेल होते. माक हे नाव जगभरच्या बोटींवर ओळखले जाते. मोठ्या लाईनवरच्या डब्ल्यूडीएम-२ मधले अॅल्को २५१ हे इंजिनही तसेच दोन घरचे: तेच अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांत बसवलेले आहे. त्यामुळे ‘जहाजाचे डिझेल’ आणि ‘रेल्वेचे डिझेल’ ही विभागणी मोठ्या, मंदगती जहाजी इंजिनांपुरती खरी आहे. मध्यम गतीच्या यंत्रांत दोघांचे कूळ एकच. फरक पडतो तो भोवतालचा. समुद्रावर मीठ, माळावर धूळ.

मग बदलले काय? बदलली ती बिघाडाची भाषा. वाफेचे इंजिन आपली दुखणी उघड्यावर मांडते. सांधा गळला तर पांढरी वाफ दिसते, बेअरिंग तापले तर वास येतो, पिस्टनचा आवाज फलाटावरच्या माणसालाही कळतो. डिझेल बंद पेटीत चालते. क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे क्रँककेसच्या आत, ऑइलच्या धुक्यात फिरत असतात आणि बाहेर एकसुरी घरघर तेवढी ऐकू येते. आत एखादे बेअरिंग किंवा पिस्टन जागा सोडून तापू लागले, की त्या तापलेल्या जागी ऑइलची वाफ होते, ती थंड होऊन बारीक धुके बनते, आणि हवेशी योग्य प्रमाणात मिसळल्यावर त्याच तापलेल्या जागेने ते पेट घेते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रैना देल पासिफिको’ या प्रवासी जहाजाच्या चाचणी फेरीत उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ असाच स्फोट झाला आणि इंजिनरूममधली २८ माणसे मेली. मूळ कारण एका इंजिनातला तापलेला पिस्टन. या दुर्घटनेनंतर क्रँककेसला दाब सोडणारी झडप बसवण्याचा आग्रह वाढला, आणि आज मोठ्या जहाजी इंजिनांत ऑइलच्या धुक्याची घनता किंवा बेअरिंगचे तापमान मोजणारी, अथवा तत्सम, व्यवस्था सक्तीची आहे. त्याहून महत्त्वाचा नियम माणसांसाठी आहे: धुक्याची घंटा वाजली तर वेग कमी करा, इंजिन थांबवा, आणि झाकण लगेच उघडू नका. अर्धा तास तरी थांबा. घाईने झाकण उघडणारा आत ताजी हवा सोडतो आणि स्फोटाला वाट करून देतो; एक स्फोट आधीच झालेला असेल तर दुसरा त्याहून मोठा होऊ शकतो. रेल्वेच्या काही डिझेल इंजिनांतही क्रँककेसमधला दाब वाढला की इंजिन आपोआप बंद पडते. त्या वेळी ते पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह आवरणे हीच ड्रायव्हरची परीक्षा.

इंजिन सुरू करण्याच्या पद्धतीतही हेच. बराच वेळ उभे असलेले डिझेल एकदम बटण दाबून चालू करायचे नसते. आधी प्रत्येक सिलिंडरचा टेस्ट कॉक उघडून क्रँकशाफ्ट सावकाश फिरवायचा, म्हणजे बारिंग करायचे. आत कुठून पाणी पाझरले असेल तर ते कॉकमधून बाहेर पडते. न पाहता चालू केले तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. जहाजावर टर्निंग गिअर लावून इंडिकेटर कॉक उघडे ठेवून हेच करतात, शब्द तेवढे वेगळे. नंतर ऑइलचा दाब चढतो का ते पाहायचे, पाण्याची पातळी पाहायची, आणि भार हळूहळू द्यायचा, कारण थंड लाइनरमध्ये तापलेला पिस्टन घट्ट बसला तर दोघांवर ओरखडे येतात. बंद करतानाही इंजिन काही मिनिटे रिकामे फिरू द्यायचे, नाहीतर टर्बोचार्जरचे बेअरिंग ऑइलविना तापते. यातले एकही काम कठीण नाही. सगळी कामे कंटाळवाणी आहेत, आणि कंटाळवाणी कामे न चुकता करून घेणे हे यंत्राच्या रचनेत बसत नाही, संस्थेच्या सवयीत बसते. वॉशआउटच्या तारखा पाळून पाळून कारखान्याच्या अंगात तीच सवय मुरली होती.

ऑइलची तपासणी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. रेल्वेच्या डिझेल शेडना प्रयोगशाळा जोडलेली असते, आणि तिथे इंजिनातल्या ऑइलचे थेंब ठरलेल्या मुदतीने तपासले जातात. तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. लोखंड वाढले तर लाइनर किंवा रिंगा. ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन. सिलिका दिसली तर हवेचा फिल्टर फाटला आहे आणि माळावरची धूळ आत जाते आहे. ऑइल पातळ झाले तर त्यात डिझेल उतरते आहे, दुधाळ झाले तर पाणी. बोटीवर शेवटच्या दोन खुणा तर साध्या डोळ्यांना दिसतात आणि डिपस्टिक काढून दोन बोटांत ऑइल चोळणारा जुना इंजिन-मिस्त्री त्या ओळखतो. वाफेचे इंजिन जे बोलून दाखवत होते ते डिझेलमध्ये असे काढून घ्यावे लागते. पाण्याची कथाही संपत नाही. बॉयलरमध्ये क्षार बसत होते, डिझेलच्या पाण्याच्या मार्गात गंज आणि पापुद्रा बसतो, म्हणून थंडाव्याच्या पाण्यात रसायन घालावे लागते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या इंजिनात जस्ताचे तुकडे लावतात, म्हणजे गंज आधी जस्ताला खातो. ते तुकडे संपले आहेत का हे पाहणारा कोणी नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला असा की छोटी लाईन सुरक्षित राहिली ती वेग कमी म्हणून. त्याचे श्रेय निगा राखण्याला देणे म्हणजे फुकटचे पुण्य लावणे. यात तथ्य आहे, पण अर्धे. कमी वेगाने रुळावरून घसरल्यावर होणारी हानी घटते. बॉयलरमधला दाब आणि क्रँककेसमधले धुके मात्र गाडीचा वेग पाहत नाहीत. गाडी उभी असतानाही स्फोट होऊ शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: डिझेलच्या देखभालीचे वेळापत्रक कारखानदारांच्या पुस्तकातून आणि रेल्वेच्या केंद्रीय आदेशांतून आले, कुर्डुवाडीने ते शोधले नाही. खरे आहे. दोन महिन्यांचे, चार महिन्यांचे, वर्षाचे, दोन वर्षांचे शेड्यूल आणि काही वर्षांनी पीओएच ही साखळी वरूनच आली. पण पुस्तक बोल्टचा टॉर्क सांगते, बेअरिंगचे क्लिअरन्स सांगते. मापात बसत नसलेले बेअरिंग ‘या वेळेपुरते चालेल’ म्हणून परत बसवायचे नाही, हे पुस्तकातून येत नाही. सही करणाऱ्या चार्जमनला नकार द्यायची सवय आणि अधिकार हवा. तो अधिकार वाफेच्या काळात, बाहेरचा निरीक्षक नसताना, कारखान्याने स्वतःकडे घेतलेला होता.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. जुनी इंजिने इतकी वर्षे टिकली याचे कारण काळजीपेक्षा गरिबी, असे म्हणता येईल. नवी मिळत नव्हती म्हणून जुनी ठोकून ठोकून चालवली. त्यात गौरव कसला? याला माझे पूर्ण उत्तर नाही. तुटवड्यातून कौशल्य येते तसा जुगाडही येतो, आणि दोन्ही एकाच बाकावर बसलेले असतात. नळीला तात्पुरता पॅच मारणारा हात आणि नळी मापून बदलणारा हात एकाच फिटरचा असू शकतो. फरक करायचा तर एकच कसोटी आहे: दुरुस्तीची नोंद झाली का, आणि तात्पुरत्या कामावर मुदत लिहिली का. ज्या दुरुस्तीची तारीख लिहिलेली आहे ती देखभाल. बाकी सगळा जुगाड, मग तो कितीही टिको.

एक आक्षेप मात्र या सगळ्या प्रथेच्या मुळावरच घाव घालतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांचा अभ्यास करताना सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाला दिसले की ठरलेल्या तासांची तपासणी झाली की त्यानंतर लगेचच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात. म्हणजे उघडणेच बिघडवत होते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्समधल्या नोलन आणि हीप यांनी दाखवले की विमानाच्या बहुतेक भागांचा बिघाड वयाशी जोडलेलाच नसतो, म्हणून मुदत आली की उघडा हा सरसकट नियम पैसे आणि सुरक्षितता दोन्ही वाया घालवतो. मग कुर्डुवाडीची पीओएच ही निव्वळ अंधश्रद्धा होती का? मला तसे वाटत नाही, पण हा पुरावा टाळताही येत नाही. विमानाचा पुष्कळसा भाग विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक. तो झिजून मरत नाही, अचानक मरतो. पिस्टन रिंग, लाइनर, मेन बेअरिंग, इंजेक्टरची सुई, चाकाची धाव हे मात्र घासून घासून मरतात आणि त्यांचे वय मैलांत किंवा तासांत मोजता येते. जहाजांच्या वर्गीकरण संस्थाही याच तडजोडीवर आल्या आहेत: यंत्राचा प्रत्येक भाग पाच वर्षांच्या चक्रात एकदा पाहायचा, पण सगळे एकदम उघडायचे नाही. वॉडिंग्टनच्या निष्कर्षाचे उत्तर उघडू नका असे नाही. उघडल्यानंतर जोडलेले यंत्र सेवेत जाण्याआधी भाराखाली चालवून पाहा, असे आहे. कारखान्यातून निघालेल्या इंजिनाची चाचणी फेरी ही रेल्वेची रीत त्याच्या कितीतरी आधीची. नव्या रिंगा बसवलेले इंजिन पहिल्या तासांत हळू चालवायचे, कव्हर गरम आहे का हाताने पाहायचे, थांबवून फिल्टरमध्ये धातूचा चुरा आला का ते पाहायचे. तपासणीनंतरचा धोका ओळखूनच ही फेरी घडली, असे मानायला हरकत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्याच्या लगतच्या काळात छोटी लाईन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. कुर्डुवाडी जंक्शनच राहिली, पण रुळांचा एकटेपणा संपला. आज तिथे अडकलेल्या गाडीला मदत द्यायला सोलापूरहून इंजिन येऊ शकते. याचा अर्थ प्रवाशांचे भले झाले, हे निर्विवाद. कारखाना मात्र त्याच्या मूळ लाईनपेक्षा जास्त जगला. नेरळ–माथेरानच्या दोन फुटी गाडीचे डबे पीओएचसाठी कुर्डुवाडीकडे आले, कारण राज्यात लहान रुळांचे काम जाणणारे हात तिथे होते. माथेरानला जर्मन बनावटीचे डिझेल १९५५-५६ च्या सुमारास आले आणि तिथली वाफ १९८२ मध्ये गेली. २०१६ च्या मे महिन्यात तिथे दोनदा डबे घसरल्यावर सेवा थांबली आणि एअर ब्रेकसारखे बदल करून ती पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. डोंगरातली ही लाईनही एकटीच. तिच्यासाठी शेजारच्या लाईनवरून इंजिन उसने आणता येत नाही. म्हणून तिच्या निगेचा प्रश्न पुन्हा अशाच कारखान्यापाशी येऊन थांबतो.

या इतिहासाचा उपयोग आज सर्वांत जास्त कोणाला असेल तर तो कोकणातल्या मासेमारी बोटींना, असे मला वाटते. हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक इथल्या ट्रॉलरवर पुष्कळदा ट्रकचे इंजिन बोटीसाठी बदलून बसवलेले असते. पावसाळी बंदीमुळे त्यांना उघडण्याची मुदत आपोआप मिळते, आणि कुशल मिस्त्रीही आहेत. नाही ती कुर्डुवाडीत जी होती ती मधली कडी: एकाच जागी जमा झालेली, बोट विकली गेली तरी न हरवणारी नोंद, आणि ‘हे इंजिन पाण्यात जाणार नाही’ असे मालकाला सांगू शकणारा कोणी. मालकाच्या मर्जीबाहेर असा नकार टिकणार नाही, हा आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. रेल्वेत नकार देणारा आणि इंजिनाचा मालक एकाच संस्थेचे होते. पण मच्छीमार सहकारी सोसायट्या बोटींना डिझेल पुरवतात आणि सवलतीसाठी प्रत्येक बोटीच्या लिटरांची नोंद ठेवतातच. त्याच वहीत इंजिन चाललेले तास, ऑइल बदलल्याची तारीख आणि जस्त पाहिल्याचा दिवस असे तीन रकाने घालायला नवा कायदा लागत नाही, आणि रकाना रिकामा असेल तर पुढच्या हंगामाचे डिझेल देताना विचारण्याइतका अधिकार सोसायटीकडे आजही आहे.